पसंतीचं कापड

“कुणासाठी बघायचंय, पावणं?” दुकानदारानं विचारलं.

“मलाच पायजे,” केरबा म्हणाला.

दुकानदारानं एकदा त्याच्याकडं आणि एकदा त्यानं बोट दाखवलेल्या कापडाकडं पाहिलं. मोरपंखी रंग, त्यावर बारीक पांढरी फुलं. “ह्ये बायका कुर्तीला नेत्यात. तुमाला क्रीम दावतो, आकाशी दावतो...”

“दोन्ही हाईत घरात. ह्येच फाडा.”

आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. केरबाचे कान तापले, पण तो जागचा हलला नाही.

उचगावजवळच्या एका फौंड्रीत तो तीस वर्षांपासून मोल्डर होता, लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायचा. वितळलेल्या लोखंडापुढं छाती काढून उभा राहणारा गडी. पण स्वतःसाठी कापड घ्यायला मात्र आज पहिल्यांदा आला होता. कामावरचे कपडे काळ्या वाळूनं सगळे एकाच रंगाचे होऊन जात. बाहेर घालायचे शर्ट आहेरात आलेल्या कापडांचे. देणाऱ्याला जे सुचलं, ते अंगावर. चोपन्न वर्षांत त्याला कुठला रंग आवडतो, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यालाही ठाऊक नव्हतं. मागच्या आठवड्यात बसमधून जाताना हे कापड दुकानाच्या दारात लोंबताना दिसलं आणि दिवसभर डोळ्यांपुढून हललं नाही.

मेव्हण्याच्या मुलीच्या, अक्षताच्या लग्नाला त्यानं त्या कापडाचा शिवून घेतलेला शर्ट घातला.

“पप्पा, काढा की. लोक हसतील,” त्याचा मुलगा सम्राट म्हणाला. तो स्वतः वर्षाचे बारा महिने काळा टीशर्ट घालायचा.

बायको, तानाबाई, आरशासमोर पदराला पिन लावत होती. तिनं आरशातूनच एकवार त्याच्याकडं पाहिलं. केरबा दाराशी उगाच रेंगाळला. एखादा शब्द येईल, असं त्याला वाटत होतं.

“चला, उशीर झालाय,” ती म्हणाली.

कार्यालयाच्या दारात मेव्हणा अमरसिंह कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत उभा होता. भोवती तसेच पाच-सहाजण. “दाजी, आमच्या आक्काचं लुगडं फाडलासा काय हो?”

हशा उसळला. एरवी केरबा त्यांच्यात मिसळून हसला असता. आज तो म्हणाला, “फाडलं न्हाय. इकत आणलंय. मला आवडलं.”

हसणं थोडं ओसरलं. “चिडू नगासा की,” अमरसिंह म्हणाला.

“चिडलो न्हाय.” आणि तो खरंच चिडला नव्हता. ‘मला आवडलं’ असं चारचौघांत आपण याआधी कधी म्हणालो होतो, हे मात्र त्याला आठवेना.

त्यानं बाह्या दुमडल्या आणि पंगतीत भात वाढायला घेतला. उघड्या हातांवर ठिणग्यांचे जुने डाग दिसत होते. वाढता वाढता त्याची नजर पुन्हा पुन्हा बायकांच्या पंगतीकडं जात होती. तानाबाईच्या बहिणीनं त्याच्याकडं हात करून काहीतरी विचारलं. तानाबाई वळली, काहीतरी बोलली. काय ते एवढ्या गलक्यात ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना पाहिलं, तर कालचा शर्ट खुंटीवर नव्हता. मळक्या ढिगात गेला असेल, म्हणून तो मागच्या दारी गेला. तारेवर उन्हात त्याचे फौंड्रीचे कपडे वाळत होते. मोरपंखी शर्ट तिथं नव्हता. पत्र्याखाली, सावलीत, तानाबाई तो उलटा करून दोरीवर घालत होती.

“हितं का गं?”

“उन्हात रंग उडंल. हातानं धुतलाय मी. मशीनीत टाकू नगासा.”

केरबानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “काल... कसा दिसत हुता?”

तानाबाईनं शर्टाची एक बाही झटकून सरळ केली. तिची सुरकुती जाईना, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू चापून काढली.

“जावा आता,” ती म्हणाली. “बस जाईल.”