देवकाबाईंची तहकूब सभा

चौऱ्याहत्तरच्या निवडणुकीत आमच्या गावाने पहिल्यांदाच दोन मतपत्रिका पेटीत टाकल्या. एक वॉर्डाच्या सदस्यासाठी आणि दुसरी थेट नगराध्यक्षासाठी. तोवर अध्यक्ष सदस्यच निवडत, आणि हे सदस्य गावातले बडे पुढारी लक्ष्मणराव सांगतील त्यालाच निवडत. बहुधा ते स्वतःच अध्यक्ष असत. मी नगरपालिकेत हेडक्लार्क होतो. मतमोजणीच्या टेबलाशी बसून आकडे मीच लिहिले. सतरा सदस्यांपैकी लक्ष्मणराव धरून चौदा त्यांच्या बाजूचे निघाले. अध्यक्ष म्हणून मात्र गावाने देवकाबाईंना निवडलं होतं.

देवकाबाई पालिकेच्याच दवाखान्यात सव्वीस वर्षं सुईण होत्या. कुणब्याच्या घरातल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. गावातली निम्मी तरणी माणसं त्यांच्या हातांवर जन्मलेली. निवडणुकीत त्यांनी एकही सभा घेतली नाही. दारोदार जाऊन बायकांशी बोलल्या. "दवाखान्यात बाळंतपणाची खोली करीन. अडलेल्या बाईले वर्ध्याले न्या लागते, ते बंद करीन." याच्यापुढे एक शब्द नाही.

पहिल्या दिवशी लक्ष्मणराव हार घेऊन आले. दुसऱ्या महिन्यात खोलीचा विषय सभेपुढे ठेवला, तेव्हा आले नाहीत. त्यांचे तेराही जण आले नाहीत. खोलीला उघड विरोध केला तर घरच्या बायकाच जाब विचारतील, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे विरोध कोणीच केला नाही. देवकाबाई आणि त्यांच्या बाजूचे तिघे तासभर रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत बसले. मग मी लिहिलं, 'गणसंख्येअभावी सभा तहकूब.'

हे पाच वेळा झालं. नाल्या, दिवे, बाजाराची जागा असले विषय असले की सगळे सतरा हजर. खोलीचा विषय आला की चौघे. बाई दर वेळी मला म्हणत, "पंत, पुन्हा नोटीस काढा." मी काढायचो. आमचा शिपाई चंद्रभान सायकलवर घरोघर जाऊन सह्या घेऊन यायचा.

आता लिहायचं ते लिहितो. तहकूब झालेली सभा पुन्हा भरवली तर तिला गणसंख्येची अट नसते. येतील तेवढ्यांनी ठराव करायचा. मला नियम पाठ होता. तरी दर वेळी मी तहकूब सभेची नोटीस न काढता नव्या सभेची काढत होतो. पहिल्या सभेनंतर लक्ष्मणराव माझ्या टेबलापाशी येऊन बसले होते. "पंत, बाईले कायदा शिकवत बसू नका. तुमची पोरगी मीरा आमच्या शाळेत शिकवते ना? नोकरीत पक्की व्हायची आहे अजून." आवाज अगदी मऊ होता. मी मान हलवली.

शहात्तरच्या वैशाखात चंद्रभानची बायको कोकिळा अडली. दुसरं बाळंतपण, मूल आडवं. देवकाबाई अध्यक्ष असूनही सकाळपासून तिच्या उशाशी होत्या. दहाच्या सुमारास म्हणाल्या की आता इथं होणार नाही. एसटी दोनशिवाय नव्हती. गावात एकच जीप होती, ती लक्ष्मणरावांची, आणि ते आर्वीला गेले होते. शेवटी बैलगाडी जोडली. गाडीत गवत घातलं, वर गोधडी, वर ओलं लुगडं धरून दोन बायका बसल्या. मी ऑफिसच्या दारातून गाडी जाताना पाहिली. चंद्रभान बैलांच्या पुढे चालत होता.

वर्धा सहा मैलांवर असताना कोकिळा गेली. पोटातलं मूल पोटातच राहिलं. गाडी तिथूनच वळवली.

पाचव्या दिवशी देवकाबाई वर्ध्याला पुंडलिकराव वकिलांकडे गेल्या. राजीनामा कसा लिहायचा ते विचारायला. वकिलांनी आधीचे कागद मागितले, वाचले, आणि राजीनामा कशाला देता म्हणाले. परत आल्यावर बाई सरळ माझ्या टेबलाशी आल्या. बसल्या नाहीत.

"पंत, तो तहकूब सभेचा नियम तुमाले माहीत होता?"

"होता."

"मंग काऊन नाई सांगतला?"

मी मीराचं सांगितलं. जसं घडलं तसं सगळं.

"मीरा माह्याच हातावर झाली," त्या म्हणाल्या. "पायाळू होती. तुमी बाहेर ओट्यावर रडत होते." मग म्हणाल्या, "हे चंद्रभानले तुमी सांगा. मी नाई सांगत."

त्या महिन्यात तहकूब सभा झाली. चौघांनी ठराव केला, मी तो नीट लिहिला. लक्ष्मणरावांनी वर तक्रार केली. ठरावाला पुढील आदेशापर्यंत स्थगिती आली आणि पुढील आदेश काही आला नाही. बाई वर्ध्याला खेटे घालत राहिल्या. मुदत संपली, प्रशासक आला. दरम्यान कायदा बदलला आणि अध्यक्ष निवडायचा अधिकार पुन्हा सदस्यांकडे गेला. पंच्याऐंशीत निवडणूक झाली, तेव्हा देवकाबाई आपल्या वॉर्डातून उभ्या राहिल्या. साऱ्या गावाची मतं आता त्यांच्या कामाची नव्हती. वॉर्ड लक्ष्मणरावांच्या भाऊबंदांचा होता. त्या पडल्या. लक्ष्मणराव बिनविरोध अध्यक्ष झाले.

मीरा केव्हाच पक्की झाली होती.

दहा वर्षं चंद्रभान मला पाणी आणून देत होता. मी रोज सांगायचं ठरवत होतो. शहाऐंशीत निवृत्तीच्या दिवशी, सगळे गेल्यावर, त्याला समोर बसवून सांगितलं. तो खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता.

"मले माहीत आहे, पंत," तो म्हणाला.

"बाईंनी सांगितलं?"

"बाई कायले सांगतीन. वकिलाच्या मुनशीनं सांगतलं, त्याच साली."

"मग तू कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? नोटिसा तं मीच वाटत होतो. लोकं म्हणत, चंद्रभान, त्या दिवशी आमी नाई येत. मी हासत होतो त्यायच्यासंगं. मले वाटे, मोठ्या लोकायचं राजकारण आहे, आपल्याले काय."

माफी मागायची म्हणून शब्द जुळवून ठेवले होते, ते वापरलेच नाहीत. तो उठला, खिडक्या एकेक करून लावल्या, आणि म्हणाला, "चाला, बंद करतो आता." मी माझी पिशवी घेतली.

आता मी बोरगाव मेघेला लेकाकडे असतो. देवकाबाई गेल्या वर्षी वारल्याचं उशिरा कळलं. शेवटी त्यांना दिसत नव्हतं, तरी बायका बाळंतपणाला बोलवायला येत, असं म्हणतात. खोली अजून झालेली नाही.