एकवीस गाद्यांची सुतारकी

लातूरमध्ये दोन प्रकारची घरं असतात. ज्यांत नीट परीक्षेची मुलं भाड्यानं राहतात ती, आणि ज्यांत ती येत्या जूनपासून राहणार आहेत ती. निवृत्त मुख्याध्यापक रेणुकादास सरांचं घर पहिल्या प्रकारातलं. वर चार मुलं, खाली तीन आणि देवघराला लागून असलेल्या कोठीत एक. कोठीतल्याचं हे तिसरं वर्ष होतं, म्हणून त्याला देवाजवळची जागा. सरांचा एकुलता एक मुलगा मुकुल, वय अठ्ठावीस, जिन्याखाली झोपायचा. डोकं आपटलं की सकाळ झाली असं समजायचं.

मुकुल एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायचा. दिवसभर चार पर्याय, त्यातला एकच बरोबर. घरी आल्यावर आई विचारायची, "पोळी की भाकरी?" दोनच पर्याय पाहून त्याला भरून यायचं. अशात मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याला सुतारकीचा नाद लागला. लाकडाला पर्याय नसतात. कापलं ते कापलं.

पहिलं स्टूल त्यानं ओसरीत करायला घेतलं. तिसऱ्या खिळ्याला वरून शिष्टमंडळ आलं. पुढं उदगीरचा मल्लिकार्जुन.

"दादा, तुमी हातोडी मारली की माझ्या बेडकाचं जठर इसरून जातंय बगा."

"पोरांचं वर्ष आहे, मुकुल," बाबा म्हणाले.

या वाक्यापुढं लातुरात कुणाला बोलता येत नाही. या वाक्यानं लग्नं पुढं ढकलली गेलीत, वरातींनी बँडवाल्यांना नुसतं चालायला लावलंय. मुकुलनं हातोडी खाली ठेवली आणि ठरवलं, आपल्याला दार असलेली एक जागा पाहिजे. मोठी नको. आपण आत गेलो की आतून लावता येईल एवढी.

महिनाभरात अंगणात एक जुनी पोर्टा केबिन उतरली. वीस फूट बाय आठ. आधी ती रस्त्याच्या कंत्राटदाराचं ऑफिस होती. आतल्या भिंतीवर 'भेटण्याची वेळ : साहेब असतील तेव्हा' असं अजून लिहिलेलं होतं. खिडकीची काच फुटलेली, एक कोपरा खचलेला. मुकुलनं कोपऱ्याखाली विटा लावल्या. केबिनची जमीन ठोकलं की उडायची, म्हणून खाली जाड फळ्या टाकल्या. जुन्या लाकडाच्या अड्ड्यावरून सागाच्या दोन तुळया आणून त्यांचं कामाचं टेबल केलं. भिंतीवर रंधा, करवत, पटाशा, गुण्या अशी सगळी हत्यारं टांगली आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं रेघ मारली, म्हणजे कोण घरी नाही ते लगेच कळावं. आई चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "हत्याराला स्वतःची जागा मिळाली, माझ्या लेकराला कधी मिळणार." मुकुलला वाटलं, ही आपल्या बाजूनं बोलली. मग त्या म्हणाल्या, "मी मुलगी मिळण्याबद्दल बोलतेय."

पण पत्र्याची केबिन म्हणजे आतून सुतारकी आणि बाहेरून ढोल. पहिल्याच दिवशी शिष्टमंडळ परत. सरांनी वेळ ठरवून दिली: दुपारी दीड ते दोन दहा, पोरं मेसला गेल्यावर. चाळीस मिनिटांत माणूस फार तर एक फळी सरळ करू शकतो, आणि तेही ती आधीच सरळ असेल तर.

आवाज बंद करायला व्हिडिओत अंड्यांचे ट्रे सांगितले होते. आई म्हणाल्या, "अंडी नसली तरी त्यांची आठवण माझ्या अंगणात नको." मग मुकुलला माळ्यावरच्या गाद्या आठवल्या. गेल्या सहा वर्षांत डॉक्टर होऊन किंवा न होऊन जी पोरं निघून गेली, ती गाद्या मागं टाकून गेली होती. एकवीस निघाल्या. त्यानं हत्यारांपुरती जागा सोडून भिंतींना गाद्या लावल्या, छताला लावल्या, दाराच्या आतल्या अंगाला लावल्या. खिडकी आतून जाड प्लायवूडनं बंद केली, स्क्रूची डोकी आत बुडवली आणि वर लांबी, म्हणजे सुताराची पुट्टी, भरून अशी घासली, की स्क्रू कुठं आहेत ते त्याला स्वतःलाही सापडेना. त्यावरही एक गादी टांगली. छताजवळ हवेपुरतं एक वाकडं नळकांडं ठेवलं.

आई बाहेर उभ्या राहिल्या. मुकुल आत गेला आणि वीस मिनिटं जीव खाऊन ठोकत राहिला. घाम पुसत बाहेर आला तर आई म्हणाल्या, "कर की सुरू. किती वेळ उभं राहू?"

पुढचे तीन दिवस मुकुलच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. चौथ्या दिवशी मल्लिकार्जुन सहज डोकावला. आत पाच मिनिटं बसला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"दादा, आत मला माझाच विचार ऐकू आला ओ. पहिल्यांदाच."

संध्याकाळी दाराशी चपलांचे आठ जोड होते. लातुरात पाणी टँकरनं मिळतं, पुस्तकं ढिगानं मिळतात, पण शांतता कुठल्याच दुकानात नाही. आणि ती शहरातली सगळ्यात चांगली शांतता मुकुलनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अंगणात तयार केली होती.

"पोरांचं वर्ष आहे," बाबा म्हणाले. "आणि तुला सुतारकाम येतंच, तर मधे पार्टिशन टाकून दे."

म्हणजे मुकुलचं पहिलं मोठं काम त्याला स्वतःला हाकलण्याचं होतं. त्यानं ते मन लावून केलं, हीच त्याची खोड. आठ मेजं, मधे साडेपाच फुटी पडद्या, सांध्यांत केस जाणार नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. हत्यारं पेटीत गेली, पेटी टेबलाखाली गेली, आणि टेबल शेवटच्या पडदीच्या मागं भिंतीला चिकटलं. भिंतीवर नुसत्या पेन्सिलीच्या रेघा राहिल्या.

"रविवारी दोन ते पाच पोरं टेस्टला असतात. तेव्हा मी आत बसू?" मुकुलनं विचारलं.

सर एकदम म्हणाले, "रविवारी नको. रविवारी केबिनला विश्रांती."

केबिनला विश्रांती. जिन्याखाली पडल्या पडल्या मुकुल हे दोन शब्द आठ दिवस चघळत होता. नवव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की केबिनचं पूर्ण नाव पोर्टा केबिन आहे. ती जाऊ शकते. या घरात जाऊ शकेल अशी ती एकच वस्तू होती.

रेणापूरला व्यंकटीकाका होते. बाबांनी एकतीस वर्षं रेणापूरच्या शाळेत काढली. लातूरहून रोज एसटीनं जायचे. व्यंकटीकाका त्याच शाळेचे शिपाई. आता शेतात राहायचे. मुकुलनं फोन केला तर म्हणाले, "आना की. सराचं लेकरू मंजे आमचंच. कडुलिंबाखाली लई जागा हाय."

जानेवारीतला रविवार. आई नांदेडला मावशीकडे बारशाला गेलेली. पोरं टेस्टला. बाबा जेवून, मफलर गुंडाळून, निवृत्त शिक्षकांच्या बैठकीला जातो म्हणून निघाले. सव्वादोनला माणिकप्पाचा हायड्रा क्रेन आणि मागं एक ट्रक गल्लीत शिरला. मुकुलनं केबिनचं दार उघडून आत नजर टाकली. आठ पडद्या, अंधार, शुकशुकाट. दाराला कुलूप घातलं. माणिकप्पानं साखळ्या लावल्या आणि केबिन गुडघाभर, मग कमरेएवढी, मग लग्नातल्या नवऱ्या मुलासारखी सगळ्यांच्या डोक्यावर गेली. विजेची वायर आधीच सोडवली होती. अंगणात मागं एक वीस बाय आठचा फिका चौकोन राहिला.

रेणापूरला व्यंकटीकाका हळदकुंकू घेऊन उभे होते.

"तोंड उगवतीकडं पायजे," ते म्हणाले.

"काका, उगवतीकडं हौद आहे."

"असू दे. मावळतीकडं तोंड करून कुनाचं भलं झालं न्हाई."

माणिकप्पा कमी बोलणारा माणूस. त्याला उगवत सांगितली, त्यानं उगवतीकडं तोंड केलं. पलीकडं एक ट्रक उलटला होता, तिकडं त्याला जायचं होतं. तो गेल्यावर मुकुलनं कुलूप काढलं आणि दार ओढलं. दार दोन बोटं उघडलं, हौदाच्या सिमेंटला टेकलं आणि थांबलं. त्या फटीत आतून गादी फुगून बसली.

मुकुलनं हौदाकडं पाहिलं. हौद मुकुलकडं बघत नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"मुकुल, केबिनचं दार अडकलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी आत आहे म्हणून कळलं. जरा आईला हाक मार, अंगणातून बाहेरनं ओढ म्हणावं."

"आई नांदेडला आहे."

"हो की, विसरलो. मग तू ये."

"मी आलोय बाबा. मी बाहेरच उभा आहे."

"मग ओढ की!"

मुकुलनं दोन पावलं मागं जाऊन केबिन एकदा पूर्ण बघितली. एवढी आत्मनिर्भर वस्तू आपण बनवायला नको होती.

"बाबा, तुम्ही बैठकीला गेला होता ना?"

मग सर म्हणाले, "बैठक वगैरे काही नसते. चौकात वळसा घालून मी परत येतो. दर रविवारी. तुझ्या त्या टेबलावर झोपतो."

"टेबलावर?"

"अरे, घरात सर, जिन्यात सर. न्हाणीच्या दाराशी पोरं उभी असतात, 'सर, तुम्ही आधी.' एकतीस वर्षं एसटीत झोपलो, तेव्हा कुणी उठवलं नाही. रेणापूर आलं की आपोआप जाग यायची. निवृत्त झाल्यापासून धड झोप नाही. केबिनमध्ये बरी लागायची. आजच्यासारखी तर कधीच लागली नव्हती. काय गचके बसत होते स्वप्नात! आणि अगदी रेणापूर आल्यासारखीच जाग आली."

मुकुलला बसावंसं वाटलं. तो हौदाच्या काठावर बसला.

"ती माझी जागा होती, बाबा," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं समोरासमोर कधी म्हटलं नसतं. समोर गादी होती म्हणून जमलं.

"माहीत आहे," सर म्हणाले. "म्हणून तर तुझ्यापासून लपून झोपायचो."

व्यंकटीकाकांनी हळूच विचारलं, "कुनाशी बोलायलास?"

"बाबांशी. आत आहेत."

काकांच्या हातातलं तबक खाली आलं. "सर आत? आरं, मी त्यास्नी उगवतीकडं तोंड करून कोंडलं की!" आणि ते कुऱ्हाड आणायला पळाले.

कुऱ्हाड पाहून मुकुल खिडकीच्या प्लायवूडपुढं हात पसरून उभा राहिला. बाप आत होता हे खरं, पण ते प्लायवूड त्यानं तीन दिवस घासलं होतं. "कुऱ्हाड नको, काका. स्क्रू काढू." मग त्याला आठवलं, स्क्रू आतून आहेत आणि लांबीखाली आहेत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चांगलं काम केल्याचा पश्चात्ताप झाला.

"बाबा, टेबलाखाली पेटी आहे. त्यात आरी आहे, टोकाला निमुळती. खिडकीवरची गादी ओढून काढा."

"मला नाही जमायचं."

"मोबाइलचा दिवा लावा. प्लायवूडच्या कोपऱ्यात पेटीतल्या गिरमिटानं भोक पाडा. त्यात आरी घाला. जोर लावू नका, नुसती ओढायची."

मग लाकडाच्या आतून उंदरासारखी खरखर सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. फोनवर सरांचा श्वास येत होता.

"वाकडी जातेय."

"जाऊ द्या. निघायचंच तर आहे."

"वाकडी कशी जाऊ देऊ?"

खरखर आता लयीत आली. प्लायवूडमधून आरीचं टोक बाहेर आलं, आत गेलं, बाहेर आलं. तासाभरानं प्लायवूडचा तुकडा सुटला आणि चौकटीत सरांचं डोकं दिसलं. मफलर, चष्मा आणि भुवयांवर भुसा.

"व्यंकटी? तू लातूरला कसा?"

"सर, तुमीच रेनापुरात हाव," काका हात जोडून म्हणाले.

सरांनी कडुलिंब पाहिला. दूर शाळेची पाण्याची टाकी दिसत होती, तीही पाहिली. मुकुल बोलणी खायला मान खाली घालून उभा राहिला.

"तरीच," सर म्हणाले, "झोप चांगली लागली."

मुकुलचा फोन वाजला. मल्लिकार्जुन. "दादा, टेस्टहून आलो. अभ्यासिका दिसंना झालीय ओ. भाड्याच्या पावत्या बघितल्या, पत्ता बरोबर हाय."

मुकुलनं फोन खिडकीकडं केला. सरांनी फोन घेतला, घसा साफ केला आणि वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराशी बोलावं तसं म्हणाले, "आज सुट्टी." हा शब्द त्या पोरांनी लातुरात ऐकला नव्हता.

"या बाबा, हात द्या," मुकुल म्हणाला.

"थांब. ह्या कापलेल्या फळीची कड बघ, कशी उंदरानं खाल्ल्यासारखी. हे असं टाकून येऊ?" डोकं आत गेलं. "रंधा म्हणतात तो कोणता रे?"

"लाकडी ठोकळा. मधे पातं."

आतून खर्रकन आवाज आला. मग सर हसले. मुकुलनं बाबांना हसताना शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना. आणि त्या हसण्याबरोबर त्याला एक भीतीही वाटली, कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. पहिली फळी रंधताना त्याच्याही तोंडून तसाच निघाला होता. त्यानंतर हा नाद त्याच्या डोक्यातून कुणी काढू शकलं नव्हतं.

"बाबा, मी आत येऊ?"

"ये की. पण तिकडं उभा राहा, माझ्या उजेडात येऊ नकोस. ही फळी धर."

मुकुल खिडकीतून आत उतरला. दार बंद, चौफेर गाद्या, आठ पडद्या, आणि शेवटच्या पडदीमागं त्याच्या टेबलाशी त्याचे वडील, त्याचा रंधा घेऊन. त्यानं फळी धरली.

व्यंकटीकाकांनी आत डोकं घातलं. "सर, ट्रॅक्टर आनू का? साखळी लावून हातभर वढलं की दार मोकळं हुतंय. घंट्याभराचं काम."

"सावकाश आण," सर म्हणाले. "आज नाही आणलास तरी चालेल."

"आजच आणा, काका," फळी धरलेला मुकुल म्हणाला.