पॉज दाबला कुणी?

अहो, थांबा, बसू नका! आधी ती उशी जरा सरकवा. हं, आता जरा श्वास घेता येतोय. मी डिस्क प्लेअरचा रिमोट बोलतोय, सोफ्याच्या फटीतून. कालपासून इथेच अडकलोय आणि घरातले दोघं एकमेकांना विचारतायत, "शेवटी कुणाच्या हातात होता?" पण माझा राग नाही. बाकीच्या रिमोटांचा जन्म आवाज कमी-जास्त करण्यात जातो. मी मात्र भर ऑफिसात एका बाईचा शब्द खरा करून दाखवलाय!

जन्म माझा कारखान्यातला. तिथे कुणीतरी माझी सगळी बटणं एकेकदा दाबून पाहिली, शिक्का मारला आणि खोक्यात झोपवलं. जाग आली ती मावशींच्या हातात.

मावशी हॉस्पिटलात एक्स-रे काढतात आणि एका साप्ताहिकात सदर लिहितात. नव्या आलेल्या विज्ञानपटांच्या आणि भयपटांच्या डिस्क बघायच्या आणि मनात येईल ते रोखठोक लिहायचं. माणसांना आतून बघायची सवय असल्यामुळे पडद्यावर सांगाडा आला तरी त्या ढिम्म. "बरगड्या उलट्या बसवल्यात मेल्यांनी!" एवढंच म्हणतात. आणि बघायची वेळ कुठली? रविवारी सकाळी दहा.

"अगं, भुताचे सिनेमे सकाळी कोण बघतं?" शेजारी पाय वर घेऊन बसलेले काका विचारतात. हे मावशींचे यजमान. दाराची कडी वाजली तरी दचकतात बिचारे.

"अहो, सकाळी दहाला घाबरवता येत नसेल तर ते भूत कसलं?"

मावशी तारे-बिरे देत नाहीत. भीतीने किती वेळा पॉज दाबावा लागला, तेच त्यांचे गुण. चहासाठी दाबला तर तो धरायचा नाही. यातली लबाडी मला लगेच कळते. चहाचा पॉज निवांत असतो, बोटाच्या पेराने दाबलेला. भीतीच्या पॉजला अंगठ्याचं नख रुततं. दहा वर्षांत मावशींनी एकही खोटा पॉज लिहिलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मग आला तो गाजलेला सिनेमा. तीन ग्रहांवरचे राक्षस, धडाधड स्फोट, आणि जिकडेतिकडे त्याचंच कौतुक. संपादकांनी तर डिस्क यायच्या आधीच मुखपृष्ठावर छापून टाकलं: 'वर्षातला सर्वांत भयंकर सिनेमा!' मावशींनी बघितला आणि लिहिलं, 'पॉज शून्य. राक्षसाच्या पाठीची चेन दिसते.' त्याच पानावर एका छोट्याशा सिनेमाला त्यांनी चक्क अकरा पॉज दिले. त्यात फक्त एक बाई, एक घर आणि एक जिना. त्या जिन्याला रोज एक पायरी वाढते.

संपादकांनी बोलावून घेतलं. मावशींनी दोन्ही डिस्क पर्समध्ये टाकल्या आणि पुरावा म्हणून मलाही.

"मावशी, लोक हसतील आपल्याला. शून्याचे पाच करा. नाहीतर या अंकापासून सदर बंद."

मावशींचा चेहरा उतरला. ते सदर म्हणजे त्यांचा जीव होता हो! पण आवाज हलला नाही. "साहेब, सदर बंद करा. शून्याचे पाच व्हायचे नाहीत."

"तुमचं काळीजच दगडाचं! आम्हा साध्या माणसांना भीती वाटते."

"असं?" मावशींनी मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. "मग साधी माणसं बोलवा. दोन्ही सिनेमे लावा, तुमचा प्लेअरही याच कंपनीचा आहे, रिमोट तुमच्या हातात. मोठ्या सिनेमाला एक जरी खरा पॉज पडला, तर मी आपण होऊन लिहिणं सोडते."

झालं! दुपारी दोनला पडदे ओढले आणि अख्खं ऑफिस गोळा झालं. मोठा सिनेमा सुरू. मी हातोहात फिरलो. राक्षस गर्जले, ग्रह फुटले. टायपिस्टबाईंनी मला मांडीवर ठेवून नखं कापली. एकदाच पॉज पडला, फोन वाजला म्हणून. तो काही धरला नाही.

"आता तो जिन्याचा लावा," संपादक फणकारले. "आणि रिमोट मीच धरतो. बघू कोण घाबरतं ते."

पडद्यावर ती बाई पायऱ्या मोजत वर चढू लागली. अकरा... बारा... तेरा... संपादकांचा तळवा ओला झाला. 'चौदा' म्हणताच माझ्या पॉजमध्ये नख रुतलं!

"पाणी प्यायचं होतं," ते म्हणाले. समोर ग्लास काठोकाठ भरलेला. टायपिस्टबाईंनी पदरात तोंड लपवलं.

दुसरा पॉज पंधराव्या पायरीला. आणि सोळाव्या पायरीवर कुणीतरी आधीच उभं होतं, तेव्हा साहेबांनी मला असा आवळला की माझ्या पॉजचं रबर टचकन फाटलं! दुखलं हो, पण काय आनंद झाला म्हणून सांगू!

"मावशी... पुढे काय होतं?"

"दाबा की, कळेल."

"नको. तुम्हीच दाबा."

मग जो हशा उसळला! साहेबही हसले, कपाळावरचा घाम पुसत. म्हणाले, "हरलो बुवा!" जाताना त्यांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे हे सगळ्यांना एकदमच आठवलं. एकही जण एकटा उतरेना. सगळ्यांत पुढे मावशी, हातात मी, आणि मागून साहेबांचा बारीक आवाज, "वीस... एकवीस... मावशी, बावीसच होत्या ना?"

पुढच्या अंकात शून्य आणि अकरा जसेच्या तसे छापून आले. खाली संपादकांच्या सहीने एक ओळ: 'मुखपृष्ठावरचं वाक्य आम्ही मागे घेतो. आमचे स्वतःचे पॉज: तीन.' आता सदराच्या डोक्यावर माझं चित्र असतं. फाटक्या बटणावर मावशींनी हॉस्पिटलची चिकटपट्टी लावलीय. काकांनी आणलेला नवा कोरा रिमोट खोक्यातच पडून आहे.

तुम्हाला एकच सांगणं. भीती वाटली तर लाजू नका, बिनधास्त दाबा. नाही वाटली, तर कुणी कितीही डोळे वटारू देत, दाबू नका. आणि हो, जिना उतरताना कठडा घट्ट... अरे, उशी हलली!

"सापडला गं!" काका ओरडतायत. "पण ती डिस्क पुन्हा लावू नकोस हं!"

"बसा गुपचूप," मावशी म्हणतात आणि माझ्या पट्टीवर अंगठा ठेवतात. दहा वाजलेत.