गॅलरीतलं रुबिडियम

"सूर्य उशिरा उगवेल, ग्रह वाट चुकतील, पण अणू कधी खोटं बोलत नाही!"

आत्याबाईंनी हे वाक्य गॅलरीतल्या टेबलावर मूठ आपटून उच्चारलं. टेबलावरच्या डब्यातले अणू मात्र आणल्यापासून काहीच बोलले नव्हते. खरंही नाही आणि खोटंही नाही.

डबा रुबिडियमचा होता. आत बोटाच्या पेराएवढा काचेचा दिवा, त्यात चिमूटभर रुबिडियम धातू, आणि त्याच्या अणूंशी सूर जुळवून अगदी अचूक लहरी देणारं यंत्र, म्हणजे अणुघड्याळाचं काळीजच. कुठल्याशा टेलिफोन केंद्रानं मोडीत काढलं, आत्याबाईंनी जुन्या बाजारातून उचललं. सूर जुळला की पुढचा हिरवा दिवा लागायला हवा. तो लागत नव्हता.

आत्याबाईंचा जन्म प्रक्षेपण केंद्रात कपाटाएवढे ट्रान्समीटर सांभाळण्यात गेलेला. निवृत्तीनंतर एका डब्यानं तोंड फिरवावं, हे त्यांना झोंबलं. त्यात थोरल्या भावानं निकालच लावून टाकला.

"चिमणे, मेलंय ते. रविवारी माझी व्यायामाची सायकल येतेय. टेबल हलवायचं."

"टेबल हलणार नाही, दादा. आधी मला हलवावं लागेल."

"त्याला क्रेन लागेल. ती कुठून आणू?"

घरात आत्याबाईंची म्हणावी अशी जागा तेवढीच. बाकीच्या खोल्यांत एक तर दादा पसरलेला असे, नाहीतर दादाची मतं.

त्या पदर खोचून कामाला लागल्या. वीजपुरवठा तपासला, तो ठणठणीत. आतले काही कपॅसिटर फुगून बसले होते, ते उपटून नवे झाळले. आता डब्यात धुगधुगी आली. सूर किती जुळला ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा चढायचा, आणखी चढायचा, आणि ऐन वेळी बसकण मारायचा. पंखा अर्थातच पूर्ण वेगात डब्यावर रोखलेला होता. यंत्र तापलं की मेलं, हा धडा त्या नोकरीत पहिल्याच दिवशी शिकल्या होत्या. तिथे त्या गरम चहा घेऊन येणाऱ्यालासुद्धा दारातूनच पिटाळत.

शनिवारी दादा आला. प्लग उपटून त्यानं पंखा काखेत मारला.

"अरे, माझं यंत्र तापेल!"

"मेलेलं कसं तापेल? पंखा माझा आहे. सायकलवर घाम मला येणार."

"घाम यायला ती चालवावी लागते."

दादा गेला. रागाच्या भरात डबा बंद करायचं राहिलं आणि आत्याबाई वहिनीकडे गाऱ्हाणं घालायला स्वयंपाकघरात शिरल्या. गाऱ्हाणं लांबलं. परत येऊन बघतात, तर हिरवा दिवा!

त्या नाचल्याबिचल्या नाहीत. एकदाच लागलेल्या दिव्यावर जुना तंत्रज्ञ विश्वास ठेवत नाही.

"दादा, पंखा आण!"

पंखा लागला. थोड्या वेळानं दिवा विझला.

"आता ने परत."

पंखा गेला. दिवा लागला.

"आण पुन्हा."

"मी काय हमाल आहे तुझा?"

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या काचेच्या दिव्याला भट्टीसारखी धग लागते. आतला हीटर बिचारा जिवाच्या आकांतानं ती देत होता, आणि त्या तितक्याच आकांतानं बाहेरून फुंकर घालत होत्या.

"म्हणजे दुरुस्त मी केलं," दादा म्हणाला.

"तू पंखा पळवलास! त्याला दुरुस्ती म्हणत असतील, तर गावातले सगळे खिसेकापू इंजिनिअर झाले. आणि ऐक. सायकल तुझ्या उशाशी उभी कर. हे टेबल इथून तसूभर सरकणार नाही. उद्या नाही, कधीच नाही!"

दादा पंखा काखेत मारून उशाशी सायकलपुरती जागा आहे का, ते बघायला निघाला.

एवढ्यात वहिनी हात पुसत आल्या. त्यांनी डब्यावर अलगद तळवा ठेवला.

"छान ऊबदार आहे हो, वन्सं. हे आता कायम चालूच राहणार?"

"कायम!" आत्याबाई गरजल्या.

"मग ह्यांचे मोजे घालू का जरा यावर वाळत? कालपासून ऊनच नाहीये."