कोरडी रिबीन

डाव्या हाताची तर्जनी, उजव्या हाताचा अंगठा. दोन्ही काळे. साबण, रॉकेल, खडबडीत दगड, सगळं करून झालं. लग्नाच्या फोटोत ताईनं मुठी मिटून घेतल्या आहेत.

•

प्रिंटरच्या डोक्यात नऊ सुया असतात. आकडा वरच्या सात सुयांनी उमटतो. दशांशाचं टिंब त्या सातांतल्या सगळ्यात खालच्या दोघींच्या वाट्याला येतं.

•

"अकरा सेकंद! एका हातानं! उद्या माझ्या सासूबाई बदलतील रिबीन, चष्मा न लावता!"

•

चौदा नंबरच्या खाटेवरचा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षांत आपण एकालाही दोन मजल्यांच्या मध्ये लटकत ठेवलं नाही, हे तो ताप बघायला आलेल्यालाही ऐकवायचा.

•

पांढरी प्रत बाटलीवर. गुलाबी फायलीत. पिवळी स्टोअरला.

•

हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर ताईच्या बोटांपासूनच सुरुवात करायला हवी. ताई इस्पितळाच्या औषधखिडकीत फार्मासिस्ट. सलाइनमध्ये औषध मिसळायचं, तासाला किती सोडायचं त्याची चिठ्ठी छापायची, बाटलीवर डकवायची. चिठ्ठीच्या तीन प्रती एका दमात हव्यात, म्हणून तिथे अजूनही कर्रकर्र करणारा, सुयांनी कागद ठोकणारा प्रिंटर. आणि त्याची रिबीन बदलणं म्हणजे शिक्षा. झाकण काढा, डबी उपसा, ओली काळी पट्टी डोकं आणि कागद यांच्या फटीत नखानं सारा, वर ती पिळली नाही ना बघा. म्हणून सगळे टाळायचे. शेवटी अक्षरं धुक्यात गेली की कुणीतरी म्हणायचं, ताईंना बोलवा.

"तुम्ही एवढे शिकलेले लोक," ताई एकदा म्हणाली, "एक डबी सरळ बसेल अशी करता येत नाही होय गं?"

ज्या कारखान्यात हे प्रिंटर बनत, तिथे तिची धाकटी बहीण डिझाइनला होती. तिला ते वाक्य लागलं. दोन वर्षं ती त्या डबीच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी जमलं. डबीच्या तोंडाशी प्लॅस्टिकची एक पातळ जीभ. डबी वरून दाबली की जीभच पट्टीला फटीत ढकलते, खट्ट आवाज होतो, काम झालं. चाळीस माणसांकडून चारशे वेळा बदलून घेतली. एकदाही पट्टी दुमडली नाही. अकरा सेकंदांची आरोळी तिच्या साहेबांनी ठोकली ती तेव्हा.

आता एक गोष्ट. त्या चारशेच्या चारशे चाचण्या कोरड्या रिबिनीवर झाल्या होत्या. शाई न लावलेलं नुसतं कापड. कारखान्यात पहिल्यापासून तशीच रीत होती. एकदा हात काळे झाले की हिशेब विभागातली माणसं दुसऱ्यांदा चाचणीला फिरकत नसत. शाईची रिबीन फक्त छपाई तपासताना, आणि तिथे ती धाकटी स्वतः बसवायची. तिची बोटं इतकी सरावलेली, की बाहेर येता येता पट्टीची कड सरळ करूनच येत. तिला ते जाणवतही नसे. त्यामुळे शाईची रिबीन परक्या हातानं कधी बसलीच नाही.

पहिल्या सहा डब्या बाहेर पडल्या. त्यातली एक ती स्वतः पिशवीत घालून ताईकडे घेऊन गेली. पुढच्या महिन्यात सवड काढून शाईवर पुन्हा बघू, असं तिच्या वहीत लिहिलेलं होतं.

ओली पट्टी जिभेला चिकटते. चिकटली की खालची कड वर दुमडते. मग खालच्या सुया शाईविनाच कागद ठोकतात.

गुरुवारी सकाळी ताईनं चौदा नंबरच्या सलाइनसाठी संगणकावर २.५ टाकलं. पांढऱ्या चिठ्ठीवर २ आलं, मग एक रिकामी जागा, मग ५. वॉर्डातल्या नर्सनं घाईत पंचवीस वाचलं. रिकाम्या जागेकडे कोण बघतं? पंप पंचवीसवर लागला. बारा वाजायच्या आत लिफ्टवाला गेला.

चौकशी बसली. गुलाबी प्रत निघाली. तिच्यावर टिंब ठळक होतं, कारण खालच्या कार्बन प्रतीला रिबिनीची शाई लागत नाही, सुईचा ठोका पुरतो. म्हणजे ताईनं बरोबरच टाइप केलं होतं. उरला एकच प्रश्न. रिबीन ताईनं वाकडी बसवली, की ती वाकडीच बसणारी होती? चौकशीवाल्यांनी कारखान्याकडून लेखी मत मागवलं, डिझाइन करणाऱ्याच्या सहीनं. दोघींची आडनावं वेगळी. नातं कुणाला ठाऊक नव्हतं. ताईचं लायसन्स त्या एका कागदावर लटकलं होतं.

धाकटीनं शिपाईमामांना बोलावून शाईची रिबीन दहा वेळा बसवायला लावली. चारदा दुमडली.

"बाई, माझंच काहीतरी चुकतंय," मामा बोटं पुसत म्हणाले.

"नाही मामा. तुमचं नाही चुकत."

साहेबांनी दार लावून घेतलं. "हे दहापैकी चार कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग बोलू नकोस. कोरडी हा शब्दसुद्धा कागदावर नको."

"सर, खिडकीतल्या त्या माझ्या सख्ख्या बहीण आहेत."

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "हे बघ, त्यांचं काय होईल? वर्षभर घरी बसतील, फार तर दोन. तुझं काय होईल ते सांगू? माणूस मेलाय. न तपासता माल बाहेर कुणी नेला? गेट पासवर सही कुणाची आहे? माझी नाही."

धाकटी उठली.

"मी जबरदस्ती करत नाही," साहेब म्हणाले. "घरी जा, विचार कर."

ती घरी गेली नाही. ताईकडे गेली. ताई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. भर दुपारी घरी असण्याची तिला सवय नव्हती. दोनदा घासलेलं पातेलं ती तिसऱ्यांदा घासत होती.

"तुला विचारलंय म्हणे मत," ताई म्हणाली.

"हो."

"मग लिही की खरं काय ते. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? शाळेत निबंध लिहिताना अशीच बसायचीस, पेन्सिल चावत."

"ताई, माझ्यावर केस होईल."

ताईनं नळ बंद केला. वळली मात्र नाही. "बघ बाई. मी काही सांगणार नाही. तू लहान नाहीस आता."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता धाकटीनं चार ओळी टाइप केल्या. यंत्रणा चारशे वेळा तपासलेली आहे. दोष आढळलेला नाही. डबी पूर्ण न दाबल्यास रिबीन दुमडण्याची शक्यता नाकारता येत नाही. सदर घटनेत बसवणाऱ्याकडून तसे झाले असावे. मग खाली सही केली.

लायसन्स गेलं. दोन वर्षांसाठी नव्हे, कायमचं. साहेबांचाही अंदाज चुकला होता.

पत्र आलं त्या संध्याकाळी धाकटी पुन्हा गेली. ताईनं दार अर्धंच उघडलं. आत भावोजी कुणाशी तरी फोनवर हळू बोलत होते.

"त्या कागदावरची सही तुझीच ना?"

"हो."

"वाचून केलीस?"

"हो."

"'असावे' कशाला घातलंस?" ताई म्हणाली. "करायचंच होतं तर धड करायचं. 'झाले' लिहायचं. तिथेसुद्धा अर्धंमुर्धं."

"ताई, आत येऊ दे ना मला. एकदा ऐक तरी."

"ऐकलं की. चौकशीत त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा." तिनं दार लोटलं. आपटलं नाही, नीट लोटलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला. धाकटी जिन्यात उभी राहिली. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी पिशव्या घेऊन खाली उतरलं, तिला वळसा घालून गेलं. मग तीही उतरली.

गुरुवारच्या तीन दिवस आधी, सोमवारी दुपारी, ताईनं धाकटीला फोन करून आकड्यांचे पाय कापल्यासारखे दिसतात असं सांगितलं होतं, धाकटीनं नवी डबी आहे, रुळेल दोन दिवसांत असं उत्तर दिलं होतं, आणि या फोनबद्दल ताई चौकशीत एक अक्षरही बोलली नाही.