करडा फळा

जॉब कार्ड
गाडी: चंदेरी, छोटी, चार वर्षांची.
मालकीण: घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर.
तक्रार: उभ्या गाडीला टेम्पोने रिव्हर्स घेताना ठोकलं. पुढचा बंपर चेपला, मधोमध तडा.
केलेलं काम:

हा शेवटचा रकाना मी रिकामा ठेवला आणि दोन दिवस ट्रेनिंगला निघून गेले. ही माझी चूक. पुढची चूक माझ्या सासऱ्यांची.

*

आमचं गॅरेज म्हणजे एक लांबट शेड, आणि जमिनीवर तिचे दोन भाग करणारा पिवळा पट्टा.

पट्ट्याच्या अलीकडे बाबा, म्हणजे माझे सासरे. गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांच्याकडे अकरा हातोड्या, पुट्टीचे डबे, रंगाचं पिस्तूल, आणि उजवा तळहात. चेपलेला दरवाजा ठोकून झाला की बाबा डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवतात. कुठेतरी हात थांबतो. मला काही दिसत नाही, गिऱ्हाइकाला दिसत नाही. बाबा तिथे एकच टोला मारतात आणि दरवाजा आत्ताच जन्मल्यासारखा सरळ होतो.

पट्ट्याच्या पलीकडे मी. माझ्याकडे स्कॅनर, लेझरचं माप, आणि माणसाएवढा उंच एक फळा. फळ्यावर मसुराच्या दाण्याएवढ्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. हल्लीच्या गाड्यांना काचेमागे कॅमेरा असतो आणि बंपरमागे रडार. चालकाचं लक्ष उडालं तर त्या स्वतः ब्रेक मारतात, रस्त्यावरची आपली लेन सोडू लागल्या तर स्वतः वळतात. अशा गाडीची काच बदला, बंपर काढा-घाला, की तिची नजर सरकते. मग तिला फळ्यासमोर बरोबर चार मीटरवर उभी करायची आणि शिकवायचं: हे सरळ. तिच्या नाकाशी एका अंशाची चूक झाली, तर शंभर मीटरवर ती पावणेदोन मीटर होते. म्हणजे बस आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, एवढी.

बाबा त्याला करडा फळा म्हणायचे.

"काय सूनबाई, आज करड्या फळ्याची शाळा भरली नाही वाटतं?"

मी हसायचे. मला वाटायचं, चिडवतायत.

*

विम्याचा सर्व्हेअर दर आठवड्याला यायचा. त्याचं आणि बाबांचं बोलणं साधारण असं:

"मिस्त्री, मागच्या वर्षी या वेळेला आठवड्याला अकरा गाड्या असायच्या तुमच्याकडे."
"आता चार."
"त्यातल्या दोन तर फक्त सूनबाईंच्या."
"माझ्या जखमेवर चहा ओत तू."
"अहो, रस्त्यावर ठोकाठोकीच कमी झालीय. ह्या स्वतः थांबणाऱ्या गाड्यांचा हप्ता आम्ही उगीच कमी लावतो का? कंपनी काय धर्मादाय आहे?"
"म्हणजे लोक चुकेनासे झाले."
"लोक तेवढंच चुकतात. गाडी ते चुकणं पोटात घालते."
"आणि माझ्या पोटाचं काय?"
"तुमच्या पोटाची सोय पट्ट्यापलीकडे उभी आहे की."

मग दोघं हसायचे. पण तो गेल्यावर एकदा बाबा मला म्हणाले, "एक चेपलेला दरवाजा म्हणजे काय असतं ठाऊक आहे? मला वाटायचं, माझं एक काम. पण त्या सिस्टरची गाडी इथे उभी राहिली की पाच घरी पाच माणसं जुन्या पट्ट्या घेऊन बसतात. कुणाची लेक सुट्टी काढते. कुणी रिक्षा करून इस्पितळात जातं. एवढं सगळं एका चेपलेल्या पत्र्यामागे असतं, आणि आपण म्हणतो, धंदा बरा चाललाय."

*

मांजराचं सांगायचं राहिलं.

एका संध्याकाळी स्कॅनर जोडलेला असताना मी गाडी काय बघते ते पडद्यावर लावलं. सगळी शेड ठिपक्यांची झाली. खांब, ड्रम, शिडी, बाबांची वाकलेली पाठ. प्रत्येक गोष्टीखाली तिचं अंतर. तीन मीटर चाळीस. तीन मीटर एक्केचाळीस, कारण बाबांनी श्वास सोडला होता. आणि ड्रमच्या कडेशी, जिथे आम्हाला नुसता अंधार दिसत होता, तिथे मुठीएवढा ठिपक्यांचा पुंजका हलत होता.

"काय आहे ते?" बाबा पडद्याला नाक लावून म्हणाले.

मी जाऊन बघितलं. मांजराचं पिल्लू. कधीपासून तिथे होतं, कुणालाच पत्ता नव्हता.

बाबा पडद्यापासून बाजूला झाले. मग गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून, जसा गुणी पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा, म्हणाले, "अगं, ही हात न लावता चाचपते."

*

ट्रेनिंगहून परत आले तो सकाळची दहाची वेळ. सिस्टरची गाडी जागेवर नव्हती.

"घेऊन गेल्या," बाबा खुशीत म्हणाले. "पाच मिनिटं झाली. बघायला हवा होतास बंपर. तडा कुठे होता, ते त्याच्या आईला सांगता आलं नसतं."

"नवीन बंपर आला?"

"त्याला तीन आठवडे लागणार होते. सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. म्हटलं, मी भरून देतो. जरा पुट्टी, वर चंदेरी, वर लॅकर."

"मधोमध? रडारच्या समोर?"

"तडा मधोमध होता, तर पुट्टी काय कडेला लावू?"

"किती जाड?"

"नखाएवढी."

"कुठल्या नखाएवढी, बाबा?"

त्यांनी अंगठा वर केला.

रडार प्लास्टिकच्या आरपार बघतं. पण पुट्टीचा जाड थर आणि वर धातूची भुकटी मिसळलेला चंदेरी रंग, हे म्हणजे त्याच्या डोळ्यावर पट्टी. पूर्ण आंधळं झालं असतं तर डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागला असता. अर्धवट आंधळं झालं असेल, तर? सिस्टर हायवेने जातात. इस्पितळातल्या रात्रपाळीनंतर जातात. "मला डुलकी लागली तरी ही जागी असते," असं त्या मला कौतुकाने सांगायच्या, आणि मी दर वेळी ओरडायचे की असं करू नका.

बाबांना शंभर वेळा पत्रा कसा ठोकायचा हे विचारलं होतं. त्यांना हे एकदाही सांगितलं नव्हतं, की आता पत्र्यामागे नजर असते.

आता सांगितलं. त्यांचा चेहरा पुट्टीसारखा पांढरा पडला. किल्ली त्यांच्या हातात आधीच होती.

"मी चालवतो. तू फोन लाव."

*

फोन वाजतो. उचलत नाहीत. गाडी चालवताना सिस्टर फोन पर्समध्ये ठेवतात, शहाण्या बाई.

पुन्हा.

पुन्हा.

चौक. आमची जुनी गाडी, जिला स्वतःची अक्कल नाही. उजवीकडून सायकल. सायकलवर काचा पुसणारा माणूस, खांद्याला शिडी, हँडलला लाल बादली. मी त्याला बघते. तो येतोय. बादली हलतेय. बाबांनाही दिसत असणार. बादली लाल आहे. बाबा वेग कमी करत नाहीत. बाबा

"बाबा!"

मी हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी होऊन थांबली. बादली आमच्या बंपरला लागली, पाणी काचेवर आलं. माणूस शिडीसकट उभा, शिव्या घालत, धडधाकट.

"कुठून उगवला हा?" बाबा म्हणाले.

तो उगवला नव्हता. मी सहापर्यंत आकडे मोजू शकले असते, इतका वेळ तो समोर होता.

पुढे बाबा रिक्षापेक्षा हळू चालवत होते आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असे घट्ट, जसं ते दुसऱ्या कुणाच्या मालकीचं आहे.

*

हायवेला लागल्यावर तिसऱ्याच किलोमीटरला ती दिसली. चंदेरी, रस्त्याच्या कडेला, चारी दिवे लुकलुकतायत. सिस्टर बाहेर, कमरेवर हात.

"मिस्त्री! काय खाऊ घातलंत हो माझ्या गाडीला? आधी चाळिसाच्या वर जाईना. मग आपली आपण कडेला आली आणि बसली रुसून. तिकडे आजोबा पाय उघडा टाकून वाट बघतायत माझी!"

त्यांना कुठे खरचटलंही नव्हतं. मी आधी त्यांना मिठी मारली. त्या गोंधळल्या. मग मी स्कॅनर लावला.

गाडी तिचं सगळं लिहून ठेवते. आकड्यांत लिहिते, मी आपल्या भाषेत वाचून दाखवलं:

१०:०७:४१ — कॅमेऱ्याला समोर बस दिसतेय. रडारला काही दिसत नाही.
१०:०७:४२ — कॅमेऱ्याला बस. रडारला काही नाही.
१०:०७:४४ — दोघांना बस. रडारला उशिरा दिसली.
१०:०८:१० — कॅमेऱ्याला ट्रक. रडारला उशिरा.
१०:०८:३५ — पुन्हा उशिरा.
१०:०८:३६ — मला नीट दिसत नाही. वेग कमी करतेय. चालकाला सांगितलं.
१०:०८:३९ — पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट केलं.
१०:११:०२ — कडेला जागा आहे. थांबतेय.

"सांगितलं म्हणजे ते पिवळं काहीतरी लागलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं, पेट्रोल."

बाबा बंपरसमोर उकिडवे बसले होते. स्वतःच्या रंगकामाकडे बघत. खरंच, तडा कुठे होता ते कळत नव्हतं.

"तिला कुणी सांगितलं, की तिला दिसत नाही?"

"कुणी नाही, बाबा. दोन नजरा एकमेकींशी ताडून बघितल्या तिने. एकीचं जमत नव्हतं."

"आणि कबूल केलं."

"हो."

"ह्यांच्यादेखत. भर रस्त्यात."

"हो."

"किती वेळ लागला?"

मी वजाबाकी केली. "पंचावन्न सेकंद."

मागून ट्रक जात होते, प्रत्येकाच्या वाऱ्याने आमचे कपडे फडफडत होते. बाबांनी हळूहळू मान हलवली, एखाद्या मोठ्या कारागिराचं काम बघून हलवतात तशी.

"मला दोन वर्षं झाली," ते म्हणाले.

सिस्टर खाली बसल्या, बाबांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने पापणी वर केली. मग दुसरी.

"उजव्यात पूर्ण पिकलाय मोतीबिंदू. डाव्यात सुरुवात. मिस्त्री, अर्ध्या तासाचं काम असतं हो ते. कशासाठी लपवलंत?"

"मिस्त्रीला दिसत नाही म्हटल्यावर गाडी कोण देणार? हाताने कळत होतं सगळं."

"पत्रा हाताने कळतो," मी म्हणाले. "सायकलवाला कळत नाही." माझा आवाज चढला होता. तो मला उतरवता आला नाही.

बाबांनी खिशातून आमच्या गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "ह्यांना आजोबांकडे सोड. मी थांबतो इथे."

*

तासाभराने परत आले, तर बाबा तिथेच, गुडघ्यांवर. त्यांच्या खिशात कायम पॉलिश पेपरचा तुकडा असतो. त्याने त्यांनी स्वतःचं काम घासून काढलं होतं. सगळं नाही. बरोबर ताटलीएवढा गोल, बरोबर रडारच्या समोर, खालचं काळं प्लास्टिक आणि त्यातला तडा लागेपर्यंत. रडार कुठे आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"हाताला जाणवलं," ते म्हणाले. "आतून जरा कोमट आहे तिथे."

*

गाडी ओढून आणली. बदली म्हणून मी भंगारातून शोधलेला बिनरंगाचा बंपर बसवला. चंदेरी गाडीला काळं नाक. फळ्यासमोर चार मीटरवर उभी केली. एका मिनिटात स्कॅनरवर हिरवं आलं: दिसतंय.

बाबा पट्टा ओलांडून आले. गाडीच्या शेजारी, तिच्या नाकाच्या रेषेत उभे राहिले.

"काय आहे गं त्या फळ्यावर?"

मला तेव्हा कळलं. दोन वर्षं ते मला रोज सांगत होते.

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

"इथून तर करडा."

"मग पुढे या. दिसेल तिथे थांबा."

ते एकेक पाऊल पुढे सरकले. मान पुढे काढून, हात मागे बांधून. एका जागी थबकले. तोंड थोडं उघडलं.

"अगं," ते म्हणाले. "चौकटी आहेत!"

त्यांच्या बुटांपासून फळ्यापर्यंत मी लेझर टाकला. दोन मीटर दहा. कोरं जॉब कार्ड घेतलं. गाडीच्या जागी काय लिहावं सुचेना, तो रकाना सोडला. तक्रार: दोन मीटर दहाच्या पलीकडे करडं. केलेलं काम: सोमवारी सकाळी नऊ, डोळ्यांचा दवाखाना, सिस्टर सोबत येणार.

बाबांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.

"सही कुठे करू? मालकाच्या जागी, की मिस्त्रीच्या?"

"मालकाच्या. आणि सोमवारपर्यंत गाडीची किल्ली माझ्याकडे."

"सोमवारनंतर?"

"सोमवारनंतर याच फळ्यासमोर उभं करणार तुम्हाला. चार मीटरवर."

त्यांनी सही केली. मग पुन्हा वळून, त्या दोन मीटर दहावरून एक पाऊलही मागे न हटता, फळ्याकडे बघत राहिले.