कंपालाहून आल्यावर

धोंडीराम कंपालाहून परतले त्या दुपारी चतुराबाईंनी नवऱ्याला ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या. मुलाचं काही विचारलं नाही. धोंडीरामांनी सुरुवात शहरापासून केली.

दोघांचा संसार तिथलाच. धोंडीरामांचे वडील नाशिकहून इंग्रजांच्या रेल्वेवर कामाला गेले होते. तेव्हा टेकडीवर साहेबांचे बंगले, खाली हिंदी लोकांची दुकानं, आणि ज्यांचं शहर ते पार कडेला झोपड्यांत. पुढे स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, मग लष्कराचं राज्य आलं. बहात्तर साली हुकूम निघाला की हिंदी लोकांनी तीन महिन्यांत देश सोडावा. निघायच्या आठवड्यात एकोणीस वर्षांचा ज्ञानेश सामान बांधायला दोर आणतो म्हणून गेला, तो आलाच नाही. मुदत संपली. त्याला न घेताच दोघं विमानात बसली.

नाशिकला धोंडीराम मळ्यांवरचे पंप दुरुस्त करू लागले. नातेवाईक ज्ञानेशच्या श्राद्धाचं काढत, तेव्हा चतुराबाई म्हणत, जित्या माणसाचं श्राद्ध करतात का? आता पंच्याण्णव उजाडलं होतं. गेलेल्यांनी परत यावं असं तिथलं नवं सरकार म्हणत होतं, म्हणून धोंडीराम एकटे जाऊन आले.

त्यांनी सांगितलं, आपली गल्ली आहे, नाव बदललंय. वर्कशॉपं होती तिथे शवपेट्या करणारे सुतार बसलेत. एड्सनं घरंच्या घरं रिकामी झालीत. वर्कशॉपमधला जुना सोबती मुसोके भेटला. हात धरून त्यानं बसवून घेतलं.

"काय म्हणाला?" चतुराबाईंनी विचारलं.

"सैनिकांनी ज्ञानेशला गाडीत घातलं, त्याच गाडीत मुसोकेचा भाऊही पकडलेला होता. गाडी नाईलच्या पुलावर गेली." धोंडीरामांनी ताट सरकवलं. "म्हणाला, त्या वर्षी आमच्याकडे कुणी मासे खाल्ले नाहीत."

चतुराबाईंनी न जेवलेलं ताट उचलून आत ठेवलं.

चार दिवसांनी दोघं गोदावरीवर गेली. देह नव्हता, म्हणून गुरुजी दर्भाचा पुतळा बांधायला बसले. रोजचं काम, हात भराभर चालत होते. हातभर लांबीचा झाल्यावर त्यांनी गाठ मारायला घेतली, तेव्हा चतुराबाई पुढे सरकल्या.

"गुरुजी, जरा उंच करता का? यांच्याहून उंच होता तो."

गुरुजींनी धोंडीरामांकडे एकदा पाहिलं, आणि दर्भाची आणखी एक जुडी सोडली.